थोडे दिवस जाऊ द्या

नवजात अर्भकाला कावीळ झाली की घाबरलेल्या आजीला आम्ही बालरोगतज्ज्ञ समजावतो, "यकृत अजून पुरते कामाला लागलेले नाही, थोडे दिवस जाऊ द्या." गेली पंचवीस वर्षे मी हे वाक्य सांगत आलो आहे. मात्र इंदूरच्या माझ्या दवाखान्यात, प्रतीक्षाकक्षात, माशांची नवी काचपेटी मांडली तेव्हा ते स्वतःला ऐकवण्याचे काही सुचले नाही.

पेटी दोन फूट लांब, फूटभर रुंद व तेवढीच उंच. म्हणजे जेमतेम पंचावन्न लिटर पाणी. नर्मदेचे नळाचे पाणी भरून क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर ठेवले आणि दुकानदाराने निवडून दिलेली रंगीबेरंगी मंडळी आणून सोडली : चार गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि चार टायगर बार्ब. पाणी आरशासारखे नितळ होते. तरीही आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि पंधरवड्यात सात दगावले.

मी सारे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि मेलेल्या माशांच्या जागी हुबेहूब तसेच दुसरे आणून सोडले. नेफ्रॉटिक सिंड्रोमसाठी दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलीने एकदा विचारले, "डॉक्टरकाका, शेपटी फाटलेला एंजल कुठे गेला?"

"त्याची शेपटी बरी झाली," मी म्हणालो.

"हा तो नाहीच. त्याचा एक पट्टा अर्धाच होता."

सहा वर्षांच्या रुग्णाने मला खोटे बोलताना पकडले होते. त्या रात्री मी पुस्तके उघडली.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत स्पंजवर आणि वाळूत वसलेले जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. या वसाहती रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसले तरी विषारीच. नायट्राइटमुळे माशांच्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते आणि रक्त तपकिरी पडते. हे वाचताना मी थबकलो. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतील डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले होते. विद्यार्थ्यांना मी हे शिकवत आलो होतो. त्या विकारावर आम्ही वापरतो ते मेथिलीन ब्लू माशांच्या दुकानातही मिळते! आणि इतरांना प्रतिजैविके जपून वापरा असे सांगणाऱ्या मी, ते उपकारक जिवाणू क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकले होते.

सोबतही चुकलीच होती. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि त्याची घाणही फार. एंजल व टेट्रा यांना २४ ते २७ अंशांची ऊब हवी. वाढलेला एंजल निऑन टेट्रा गिळतो. थोडक्याच संख्येने ठेवलेले टायगर बार्ब लांब परांचे लचके तोडतात. एंजलची शेपटी का फाटली होती, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

उरलेले मासे मी दुकानदाराला परत केले आणि पेटी माशांविना चालू ठेवली. रोज चिमूटभर खाद्य टाकायचे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल, आणि चाचणीपट्टी बुडवून रंग पाहायचा. मुलीला या वेळी खरे सांगितले. पट्टी पाहताच ती म्हणाली, "माझी आईपण रोज सकाळी अशीच पट्टी बुडवते." तिच्या लघवीतील प्रथिनांची वही तिच्याकडे होतीच; पेटीचीही एक वही मी भिंतीला टांगली. आली की नोंद तीच करी. अमोनिया चढला, उतरला; मग नायट्राइट चढले. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. तेव्हा फक्त चार नर गप्पी सोडले, आणखी पंधरवड्याने चार. आता दर आठवड्याला क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाव हिस्सा पाणी बदलतो, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवतो आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळतो.

गप्पी आले त्या दिवशी मुलीच्या स्वतःच्या वहीत मात्र 'दोन प्लस' होते. तिने विचारले, "माझेपण शून्य होईल?"

"बहुधा होईल," मी म्हणालो, "पण थोडे दिवस जावे लागतील."

तिने मान डोलावली. महिनाभराहून अधिक काळ रिकाम्या पेटीकडे पाहत आलेल्या त्या मुलीला 'थोडे दिवस' म्हणजे काय, हे मी वेगळे समजावण्याची गरज नव्हती.