आधी काम दाखवा, मग अन्न : अमेरिकेतील अन्नमदतीची अट आणि आपल्याकडचा 'फुकटे' हा शब्द

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरातील बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रकरणाची सुनावणी सुरू होती. त्या वेळी न्यायमूर्ती भूषण गवई यांनी तोंडी टिप्पणी केली, की मोफत रेशन आणि काम न करता पैसे मिळत असल्यामुळे लोक काम करायला तयार होत नाहीत. महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नसल्याचे उदाहरणही त्यांनी दिले. वकील प्रशांत भूषण यांनी तिथेच उत्तर दिले, की काम असेल तर ते नको म्हणणारा माणूस क्वचितच सापडेल. ती केवळ टिप्पणी होती, निकाल नव्हता. तरीही आम्हाला ती टोचली. बोलणारेही आपले आणि ज्यांच्याबद्दल बोलले गेले त्यांच्यातलेही बरेच आपलेच.

पण नुसते टोचून घेऊन उपयोग नाही. 'फुकट धान्याने माणूस आळशी होतो, म्हणून धान्याला कामाची अट घाला' हा विचार आता पानटपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. एका श्रीमंत देशाने हा विचार प्रत्यक्ष कायद्यात लिहिला आहे आणि त्याचे परिणाम मोजलेही गेले आहेत. तो देश म्हणजे अमेरिका. तिथे नेमके काय होते, हे कार्यकर्त्यांना आणि तरुणांना नीट माहीत असायला हवे, म्हणून हा लेख.

अमेरिकेत आपल्यासारखे रेशन दुकान नाही. तिथे 'स्नॅप' नावाची योजना आहे. जुने नाव फूड स्टॅम्प. लाभार्थ्याला एटीएमसारखे एक कार्ड मिळते आणि दर महिन्याला त्यात पैसे जमा होतात. त्यातून किराणा, भाजी, दूध, मांस घेता येते. साबण घेता येत नाही, औषध घेता येत नाही, दुकानातले गरम तयार जेवणही घेता येत नाही. २०२४ मध्ये सुमारे ४ कोटी लोक या योजनेत होते आणि माणशी सरासरी मदत महिन्याला १८७ डॉलरच्या आसपास होती. तिथल्या महागाईत हे दिवसाला सहा डॉलर होतात. लाभार्थ्यांपैकी जवळपास ४० टक्के लहान मुले आहेत. त्याशिवाय वृद्ध आणि अपंग आहेत. म्हणजे 'काम का करत नाही' हा प्रश्न ज्यांना विचारता येईल असे लोक मुळात एकूण संख्येचा एक भाग आहेत, हे आधी लक्षात घ्यावे.

अटींचे दोन थर आहेत. पहिला थर जुना आहे. १६ ते ५९ वयाच्या, सूट नसलेल्या प्रत्येकाने कामासाठी नोंदणी करायची, योग्य नोकरी आली तर नाकारायची नाही, असलेली नोकरी सबळ कारणाशिवाय सोडायची नाही आणि राज्याने प्रशिक्षणाला पाठवले तर जायचे. नियम मोडला तर मदत बंद. दुसरा थर जास्त कडक आहे. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने तो आणला. काम करण्यास सक्षम आणि घरात मूल नसलेल्या प्रौढाने महिन्याला ८० तास काम, मान्य प्रशिक्षण किंवा विनावेतन सेवा केल्याचे दाखवले नाही, तर त्याला ३६ महिन्यांत फक्त ३ महिने अन्नमदत मिळेल. तीन महिने संपले, की कार्डात पैसे येणे बंद. आणि हे 'सक्षम' म्हणजे कोण? ज्याच्याकडे आपण सक्षम नसल्याचा कागद नाही, तो.

सुरुवातीला ही अट १८ ते ४९ वयाला होती. २०२३ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत नेली, मात्र माजी सैनिक, बेघर आणि अनाथ संगोपनातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण यांना सूट दिली. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने या तिन्ही सवलती काढून टाकल्या. वय ६४ पर्यंत गेले. पूर्वी घरात १८ वर्षांखालचे मूल असेल तर सूट होती, आता मूल १४ वर्षांखालचे असेल तरच. जिथे रोजगार नाही अशा भागासाठी राज्ये सूट मागत, ती वाटही अरुंद झाली. बहुतेक राज्यांत बेरोजगारी १० टक्क्यांहून जास्त असेल तरच ती सूट मिळते. अमेरिकेतील आदिवासी जमातींना मात्र नव्याने सवलत दिली गेली. त्यांच्याच संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे, की या बदलांमुळे सरासरी महिन्याला सुमारे २४ लाख लोक योजनेबाहेर पडतील.

पंधरा वर्षांचे मूल असलेल्या आईचे उदाहरण घ्या. तास भरले नाहीत तर तिचा वाटा कापला जातो, मुलाचा चालू राहतो. कायद्याला वाटते की शिक्षा फक्त आईला झाली. पण घरात चूल एकच असते.

आता ८० तासांचा हिशेब पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. आठवड्याला २० तास म्हणजे काही फार नाहीत, असे कुणालाही वाटेल. पण हॉटेलात, गोदामात, घरकामात राबणाऱ्या माणसाचे तास त्याच्या हातात नसतात. मालक या आठवड्यात ३० तास बोलावतो, पुढच्या आठवड्यात ८. आपल्याकडच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. महिन्याचे ७० तास भरले तर दहा तासांच्या तुटीसाठी तो महिना तीनपैकी एक म्हणून मोजला जातो. नोकरी शोधत हिंडणे हे एकट्याने काम धरले जात नाही. आणि जे केले त्याचा पुरावा लागतो : पगाराची पावती, मालकाचे पत्र, अर्ज, मुदत. जो मालक रोख पैसे देतो तो पत्र कशाला देईल?

यावर उत्तर दिले जाते, की नोकरी नसेल तर प्रशिक्षण घ्या. इथे कायदा फारच चतुर आहे. माणसावर अट बंधनकारक आहे, पण त्याला प्रशिक्षणाची जागा देणे राज्यावर बंधनकारक नाही. प्रत्येक राज्याला प्रशिक्षण कार्यक्रम चालवावा लागतो, मात्र मुदत संपत आलेल्या प्रत्येकाला जागा देऊ असे वचन दिले तर केंद्राकडून जास्तीचा निधी मिळतो, आणि असे वचन देणारी राज्ये थोडीच आहेत. उरलेल्यांत वर्ग नाही, बस नाही, जागा नाही, तरी तीन महिन्यांचे घड्याळ चालूच.

'काम करा म्हणजे अन्न मिळेल' याचा आणखी एक प्रकार आहे. सरकारी किंवा संस्थेच्या कामावर विनावेतन राबायचे. तास किती, तर मदतीच्या रकमेला किमान वेतनाने भागायचे. तिथले संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे. एकट्या माणसाची कमाल मदत २९८ डॉलर धरली तर महिन्याला ४१ तास. हातात रोख काही नाही, फक्त किराण्याचे कार्ड. धान्याच्या मोबदल्यात राबणे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते. महार वतनात बलुत्याच्या चार पायल्यांसाठी दिवसरात्र कधीही हाक आली की जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत जात जन्माने काम ठरवत नाही, आणि योजना सोडली तर कुणी मारायला येत नाही. पण पोटाच्या दोरीने माणसाला बांधण्याची युक्ती ओळखीची आहे.

वंशाचा धागाही आहेच. लुइझियाना राज्याने १९४३ साली असा नियम केला, की शेतात मजुरांची गरज असताना 'काम करू शकणाऱ्या' आयांची सरकारी मदत बंद करावी. कापसाच्या हंगामात कुणाच्या आया शेतात पाठवल्या जात, हे सांगायची गरज नाही. आज स्नॅपमध्ये संख्येने सर्वांत जास्त लोक गोरे आहेत. तरीही 'आयतखाऊ' म्हणून जे चित्र राजकारणात रंगवले गेले, ते दशकानुदशके काळ्या बाईचेच होते.

मग परिणाम काय झाला? व्हर्जिनिया राज्यातील सरकारी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला. मंदीच्या काळात थांबवलेली अट तिथे पुन्हा लागू झाली होती. संशोधकांनी अट लागू असलेले आणि वयामुळे जेमतेम सुटलेले लोक शेजारी ठेवून पाहिले. अट लागू असलेल्यांतील सहभाग ५३ टक्क्यांनी घटला. रोजगारात वाढ? आढळली नाही. सर्वांत जास्त गळाले ते बेघर. आर्कान्सॉ राज्याने २०१८ साली गरिबांच्या आरोग्य विम्याला अशीच अट लावली, तेव्हा काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला आणि तिथेही रोजगार वाढला नाही. त्यांतले कितीतरी जण काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. ते हरले ते कागदापुढे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अटीचे समर्थक म्हणतात, करदात्याच्या पैशावर जगणाऱ्याने समाजाला काही परत द्यावे, आणि कामामुळे माणसाला प्रतिष्ठा मिळते. दुसरा मुद्दा आम्हालाही मान्य आहे. आपल्या समाजाने तर शिक्षण आणि नोकरीच्या जोरावरच मान मिळवला. पण अट घातल्याने काम निर्माण होत नाही. आणि जे काम आहे त्याची मजुरी किती? अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०२० साली काही राज्यांची माहिती तपासली, तेव्हा अन्नमदत घेणाऱ्या नोकरदारांचे सर्वांत मोठे मालक म्हणून वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स पुढे आले. कमावत्या प्रौढ लाभार्थ्यांपैकी सुमारे ७० टक्के आठवड्याला पूर्णवेळ राबत होते. मग फुकटे कोण? पूर्णवेळ काम करूनही पोट न भरणारा कामगार, की त्याला अपुरी मजुरी देऊन उरलेले पोट सरकारकडून भरून घेणारी कंपनी?

बाबासाहेबांनी ही गाठ १९४७ सालीच सोडवून दाखवली होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ते बेकार माणसाचा विचार करतात. त्याच्यापुढे कमी मजुरीची, ठरलेले तास नसलेली, संघटनेत जायला मनाई असलेली नोकरी ठेवली तर तो काय निवडेल? उपासमारीची भीती इतकी मोठी असते, की तो आपले मूलभूत हक्क सोडून देईल आणि नोकरी घेईल. म्हणजे भूक ही मालकाच्या हातातली काठी आहे. अन्नाची हमी या काठीतला जोर काढून घेते, अन्नाला कामाची अट घातली की तो जोर परत येतो. शेतीला मजूर मिळत नाहीत या तक्रारीकडे आम्ही असेच पाहतो : जुन्या मजुरीत मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

काम आणि सरकार यांचे नाते उलट्या बाजूनेही बांधता येते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले, आणि त्यासाठी शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. खडी फोडणाऱ्या कितीतरी आयाबाया आपल्या वस्तीतल्या होत्या. अमेरिकेत सरकार गरिबाला विचारते, 'काम कुठे आहे तुझे?' रोहयोत गरीब सरकारला विचारत होता, 'काम कुठे आहे माझे?'

आपल्याकडे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात धान्याला कामाची अट नाही, आणि सुमारे ८० कोटी लोकांना त्याखाली मोफत धान्य मिळते. तरी कागदाची चाळणी आपल्याकडेही आहेच. ई-केवायसी राहिली, आधार जुळले नाही, विटा उचलून झिजलेला अंगठा मशीनने ओळखला नाही, की नाव गळते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तर गावात येऊन अंगठा देणेच अवघड असते. आळशी ठरवून वगळणे आणि मशीन ओळखत नाही म्हणून वगळणे, उपाशी राहणाऱ्याला यात फरक पडत नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विद्यार्थी व्हिसावर स्नॅप मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढालाही साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. जे तिथल्या वस्त्यांत स्वयंसेवक म्हणून काम करतात त्यांना एवढे सांगू, की मदत बंद झाल्याची नोटीस आलेल्या माणसाला ९० दिवसांत सुनावणी मागता येते, आणि नोटीस लागू होण्याच्या आत ती मागितली तर बहुधा निकाल लागेपर्यंत मदत चालू राहते. सूट मिळण्याजोगा आजार असेल तर डॉक्टरचे पत्र जोडायला सांगा. ही माहिती नसल्यामुळेच अनेकजण गप्प बसतात.

इथे वस्तीत काम करणाऱ्यांसाठी : रेशनकार्डावरचे नाव गळाले तर दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाव कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेला कमी झाले ते लेखी मागा. अंगठा जुळत नसेल तर पर्यायी ओळखीने धान्य देण्याची मागणी त्याच अर्जात लिहा. तिथे दाद लागली नाही तर अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याच्या वर राज्य अन्न आयोग. कायद्याने ठरलेले धान्य दिले गेले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. ती फारसे कुणी वापरत नाही, म्हणून अर्जात कलमाचा आकडा लिहायला विसरू नका.