मज्जेतला उपाय आणि भामरागड

डिसेंबर २०२३. ८ तारखेला अमेरिकेने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या ‘कासजेवी’ उपचाराला परवानगी दिली, किंमत २२ लाख डॉलर. २३ तारखेला गडचिरोलीतल्या भामरागडजवळच्या हेमलकशात, आदिवासींसाठी दवाखाना चालवणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पाला ५० वर्षं पूर्ण झाली. एकाच पंधरवड्यातल्या या दोन बातम्या. सिकलसेलच्या या आदिवासी पट्ट्यात पहिली झोंबली, तिच्या किमतीमुळे.

हा उपचार रक्ताच्या मूलपेशींवर होतो. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून इतर पेशी घडतात ती पेशी. रक्ताच्या मूलपेशी अस्थिमज्जेत असतात. सिकलसेलमध्ये जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांत मरते. रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात. मज्जा बदलली की दुखणं मुळातून जातं, हे १९८४ साली अमेरिकेत ल्युकेमिया झालेल्या एका मुलीत दिसलं. त्याआधी १९८३मध्येच मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण केलं होतं. विद्या होती, तीही महाराष्ट्रातच.

मग आलं २००४ नंतरचं दशक. शहरांत मूलपेशींसाठी नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँका फोफावल्या. बाळंतपणाच्या धांदलीत आई-बापांच्या हाती माहितीपत्रक पडायचं : बाळाचा ‘विमा’ काढा! बाळाला जनुकीय आजार असेल तर तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो, हे कोण सांगणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मूलपेशींवरच्या २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातून ‘थेरपी’ हा शब्दच काढून टाकला. तोवर हप्ते भरून झाले होते.

त्याच दशकात राज्याचा सिकलसेल कार्यक्रम गावोगाव निघाला. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की पुढची तपासणी. नंतर फॉलिक ॲसिड, वेदनाशामक गोळ्या, कुठे हायड्रॉक्सीयुरिया. पावसाळ्यात भामरागडची पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तेही अडायचं. मज्जारोपणाचा विषय कोणी काढलाच नाही. इथल्या माडिया आदिवासींना ते समजणार नाही, असं जणू परस्पर ठरवून टाकलं गेलं!

२०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, मुदत २०४७. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने घडवलेला जनुक-उपचार जाहीर झाला. नाव ‘बिरसा १०१’. नाव आदिवासी नायकाचं घेतलंय, तर उपचारही आदिवासींच्या दारात यावा. त्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. मज्जारोपणासाठी सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या भावंडांची, मज्जा जुळते का हे सांगणारी एचएलए तपासणी सरकारने भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातूनच करवून द्यावी. नमुना गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यावरही घेता येतो.