मिरजेची हजेरी आणि देवरीचा श्रोता

उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर निवर्तले. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आला. तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावीत आले आहेत.

खाँसाहेबांचे वैशिष्ट्य, त्यांनी गाण्यातून काय गाळले यातही आहे. एकेका सुरास अवकाश देणारी त्यांची संथ आलापी त्या काळी प्रयोगच होती. याच किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेस गेले आणि मोजक्या सुरांवर दीर्घ रचना उभारणारे टेरी रायली व ला मॉन्टे यंग त्यांचे शिष्य झाले.

‘हजेरी’ या शब्दात मानधनाचा हिशेब बसत नाही. तथापि श्रोत्याचा हिशेब उरतोच. देवरीच्या शिक्षकास मिरज म्हणजे राज्याचे दुसरे टोक. प्रवास, मुक्काम, खर्ची पडलेली रजा धरता विनामूल्य मैफलही त्यास महागच पडते. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मृतीचा, १९५३ पासूनचा पुण्याचा महोत्सवही त्यास तितकाच दूर.

इकडे श्रोताच नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. धानाची कापणी आटोपली की तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारी हीच झाडीपट्टी आहे! मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशी एक जोडी तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाने घ्यावी आणि खाँसाहेबांच्या स्मृतिदिनी वर्षातून एक रात्र ती लावून ठेवावी. गवयाचा रेल्वेखर्च वर्गणीतून सहज निघेल.