पोरक्या पोराला हवं आपलं माणूस

श्रोतेहो, आमच्या कुपवाडला मिरज जंक्शन जवळच. तिथून कोल्हापूरच्या गाडीत बसलात, की कोल्हापूर येण्याआधी वळिवडे नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंड देशातली सुमारे पाच हजार माणसं छावणी करून राहिली होती. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना घरादारातून उठवून सैबेरियाकडे नेलं. तिथं थंडीनं, उपासमारीनं कुणाची आई गेली, कुणाचा बाप गेला. उरलेली इराणमार्गे आपल्या देशात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी पोरक्या पोलिश मुलांसाठी बालाचडीला छावणी उघडली होती. ती १९४६ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली.

आता असं पाहा. या मुलांना छप्पर आणि जेवण तर मिळालंच. पण तेवढ्यावर भागलं नाही. छावणीत त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या शाळा होत्या, त्यांचे शिक्षक होते, प्रार्थनामंदिर होतं, बालवीरांची पथकं होती. रोज तीच माणसं भेटत, तीच घंटा वाजे. परक्या मुलुखात ही मुलं उभी राहिली, त्यात या गोष्टींचा वाटा मोठा. पुढं म्हातारपणीही त्यांतले काहीजण कोल्हापूर पाहायला आले. तिथल्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट आज कशाला? तर पोरकं मूल आपल्याही गावात, आपल्याही वर्गात असतं. आपण काय करतो? वाढदिवशी अनाथाश्रमात जातो, पेढे वाटतो, फोटो काढतो आणि परत येतो. हेतू चांगलाच असतो. पण ज्याचं माणूस एकदा गेलं, त्याला पुन्हा पुन्हा येणारी आणि जाणारी माणसं पाहून काय वाटत असेल? त्यापेक्षा आठवड्यातून एकच तास द्या, पण ठरलेल्या वारी, वर्षभर द्या. गणित शिकवा, सायकल दुरुस्त करायला शिकवा, नाहीतर नुसतं ऐकून घ्या. फोटो मात्र नको. संरक्षणाखालच्या मुलाची ओळख छापून उघड करणं कायद्यानंही मना आहे.

दुसरी गोष्ट. आईबाप गेले म्हणजे मूल लगेच आश्रमात घालावं, असं नव्हे. आजी, मामा, काकू सांभाळायला तयार असतील, तर त्यांचे हात बळकट करावेत. त्यासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची मदत वाढवून दरमहा २,२५० रुपये केली गेली. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा. पुष्कळ आज्यांना हे ठाऊकच नसतं. दाखले गोळा करून तो अर्ज भरून देणं, हीसुद्धा मोठी सेवा आहे बरं का!

आणि कुणीच नसेल तर? १०९८ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, आणि पुढचा निर्णय ती समिती घेते. दया आली म्हणून मूल परस्पर घरी ठेवून घेणं किंवा दुसऱ्याला देऊन टाकणं, हा २०१५ च्या बालन्याय कायद्यानं गुन्हा आहे. हा नियम कठोर वाटेल. पण दयेच्या नावाखाली मुलं विकली जातात, कामाला जुंपली जातात, म्हणून तो आहे. दत्तक घ्यायचं असेल, तर तेही कायद्याच्या रस्त्यानंच.

शेवटी गुरुजी आणि बाईंना एक विनंती. ‘माझी आई’ हा निबंध आपण दरवर्षी घालतो. त्या दिवशी एखादं मूल वहीवर नुसतं तारीख-वार लिहून बसून राहतं. विषय ‘माझ्या घरचं माणूस’ असा घाला. कुणी आजीवर लिहील, कुणी थोरल्या बहिणीवर लिहील. मग वही घेताना त्या मुलाला हळूच विचारा, “घरी कोण कोण असतं, बाळ?” वर्गासमोर नको, एकट्याला विचारा. आणि जे उत्तर येईल, ते लक्षात ठेवा.