‘प्रमादी’ ठरलेला मुलगा : प्रौढ वयातील एडीएचडी आणि उपचारांची वाट

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीचा धनादेश तीन वर्षांपूर्वी न वटता परत आला. पेढी तीन पिढ्यांची, हळदीच्या व्यापारातील पत चोख. त्यामुळे सकाळचे सौदे सुरू होण्यापूर्वीच बातमी बाजारभर झाली. नवल हे, की पैशांची तंगी मुळीच नव्हती. त्याच बँकेत, त्याच पेढीच्या नावे, धनादेशाच्या चौपट रकमेची ठेव होती. ती मोडून पैसे चालू खात्यात वळते करायचे, एवढेच काम. एकेचाळीस वर्षांच्या मालकाने ते करण्याचे सलग चार दिवस ठरवले आणि चारही दिवस ते राहून गेले. कलम १३८ खालील नोटीस आली. मिळाल्यापासून १५ दिवसांच्या मुदतीत रक्कम भरल्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले नाही. घरातला निकाल मात्र त्याच रात्री लागला. ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते ते वडील एवढेच म्हणाले, “हा प्रमाद आहे. दुसरं काही नाही.”

जैन घरात हा शब्द हलका नाही. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत मिथ्यात्व आणि अविरती यांच्या मागोमाग प्रमादाचा क्रम लागतो. मुलाला प्रमादी म्हणणे म्हणजे केवळ वेंधळा म्हणणे नव्हे. त्याच्या आत्म्याच्या जागृतीवरच ठपका ठेवणे होय. आणि हा ठपका त्या गृहस्थांनी स्वतःही मान्य केला होता. बी.कॉम. पहिल्या वर्गात, बाजारभावाचा अंदाज असा की जुने व्यापारी विचारायला यावेत; पण जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत कधी गेले नाही. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज, हा दरमहाचा खर्च होऊन बसला. सामायिकाला बसले की दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, पुरी होण्याआधी पाय हलू लागत, हात आसनाचे सूत उसवू लागे. पर्युषणात ते नियम घेत आणि तो मोडला की महिनाभर स्वतःशीच अबोला धरत.

प्रश्न असा, की चाळिशीपर्यंत हे सारे निभावले कसे? उत्तर पेढीच्या गादीवर होते. अण्णांच्या काळापासून एक दिवाणजी होते. कोणाचे देणे कधी, कोणते कागद कोठे, कोणत्या दिवशी बँकेत जायचे, हे ते सकाळी येताच सांगत आणि सायंकाळी झाले का म्हणून विचारत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. त्यानंतर दीड वर्षात धनादेश परत आला. गुण-दोष तेच होते, फक्त आधाराचा खांब निघाला होता.

उपचारांची वाट सरळ नव्हती. आधी थायरॉइडची तपासणी झाली, ती योग्यच होती. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप यांनीही लक्ष विखुरते. मग स्मरणशक्तीचे चूर्ण झाले. पेढीच्या दाराची दिशाही बदलून झाली, तिचा हिशेब न केलेला बरा. एका डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली. मन थोडे हलके झाले, विवरणपत्र तरीही उशिराच गेले. शेवटी पत्नीने रात्री अकरा वाजता १४४१६ हा क्रमांक फिरवला. टेली-मानस ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. दूरध्वनीवर निदान होत नाही, ते अपेक्षितही नाही. पण पलीकडील समुपदेशिकेने एक साधा प्रश्न विचारला, “हे लहानपणापासून आहे का?” तोपर्यंत तो कोणी विचारलाच नव्हता.

निदानाची सारी मदार याच प्रश्नावर आहे. एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता, हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे. चाळिशीत तो नव्याने उद्भवत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, ती घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात, आणि प्रौढांत नऊपैकी पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. यासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्रही नाही. इंटरनेटवरील प्रश्नावली भरून स्वतःच शिक्का मारून घेणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढते आहे. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्रश्नावली दार दाखवते, आत नेण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञाचे. मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जायचे, तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. खासगी शुल्क परवडत नसेल त्यांच्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो.

या गृहस्थांच्या आईने ट्रंकेतून चौथीचे प्रगतिपुस्तक काढले. गुरुजींचा शेरा होता की मुलगा हुशार आहे, पण खिडकीबाहेर पाहतो. डॉक्टरांनी दोन बैठकांत दोन तास ऐकून घेतले आणि मग निदान सांगितले. ते ऐकून चाळीस वर्षांचा माणूस दवाखान्यात रडला, असे त्यांची पत्नी सांगते.

औषधांविषयी आपल्या घरांत काही खास अडचणी येतात, आणि त्या डॉक्टरांना आपणहून सांगाव्या लागतात. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि प्रत्येक औषध दुकानात असतेच असे नाही. म्हणून ते नशेचे औषध ठरत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्तदाब व नाडी तपासत ते दिले जाते. ते सामान्यतः सकाळी घेतात, त्यामुळे रात्रिभोजनत्यागाला बाध येत नाही. पण त्याने दुपारची भूक मरते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याचे दुसरे जेवणही त्यातच हुकण्याची भीती असते. वजन पाहावे लागते. ॲटोमोक्सेटिन हे दुसरे औषध रोज घ्यावे लागते, परिणामाला काही आठवडे लागतात, आणि ते बहुधा कॅप्सूलमध्ये येते. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. गोळीचा पर्याय आहे का, हे विचारायला हवे. मनातल्या मनात औषध बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दशलक्षणातील निर्जल उपवासांत गोळीचे काय करायचे, हेही आधीच ठरवून घ्यावे.

खर्चाचाही एक मुद्दा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतात आणि एडीएचडीचा उपचार जवळजवळ सारा बाह्यरुग्ण स्वरूपाचा, त्यामुळे हातात फारसे पडत नाही. त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मुलाबाळांच्या लग्नाच्या काळजीने दवाखान्याची पायरी टाळणाऱ्या कुटुंबांना हे माहीत असावे.

गोळीने लक्ष स्थिरावले, पण धनादेशाची तारीख गोळीला आठवत नाही. दिवाणजींचे काम कोणीतरी करायलाच हवे होते. कर्जाचे हप्ते, वीज, विमा यांसाठी बँकेला स्थायी सूचना दिल्या. ही सोय अनेक खातेदार नाइलाजाने घेतात. अशा माणसाला ती अर्धा उपचार आहे. ठेवीला चालू खात्याशी जोडून घेतले, म्हणजे शिल्लक कमी पडली की रक्कम आपोआप वळती होते. कर सल्लागाराचा मुलगा दर महिन्याच्या १५ तारखेला पेढीवर येऊन शेजारी बसतो. तो काही करत नाही, फक्त बसतो, आणि विवरणपत्र पुरे होते. सामायिकही आता घरी एकट्याने होत नाही. ते मंदिरात चार जणांत बसतात. कधी अठ्ठेचाळीस मिनिटे होतात, कधी तीस. नियम मोडल्याची नोंद त्यांनी वहीत ठेवणे सोडले आहे.

गेल्या फाल्गुनात डॉक्टरांनी अण्णांनाही बोलावले. हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, म्हणून कुटुंबाचा इतिहास हवा होता. विसरणे, वस्तू हरवणे, हातातले काम अर्धे टाकून उठणे, असे एकेक प्रश्न ते वाचत गेले. अण्णा मुलाविषयी उत्तरे देत होते. सहाव्या प्रश्नाला ते थांबले. बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, दिवाणजी माझ्याकडे एकोणचाळीस वर्षं होते.”