गोष्टीतले अडलेले शब्द



मागच्या बुधवारी आपण रेडिओवर एक छोटी गोष्ट वाचली. मागच्या अंकात ती छापलीही आहे. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला भाऊ म्हणतो, "आक्का, जाण्याआधी जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक सही आहे." ती जाते, सही करते. परतताना एसटीत शेजारच्या मुलीला विचारते, "हक्कसोडपत्र म्हणजे काय गं?" गोष्ट तिथंच संपते.

नंतर बऱ्याच गटांनी कळवलं, की गोष्ट आवडली पण शब्द अडले. म्हणून आज शब्दांवरच बोलू.

पहिल्या वाचनात शब्दासाठी थांबू नका. कोण कुणाला काय म्हणालं एवढं कळू द्या. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या.

लांबलचक शब्द दिसला की तो शेंगेसारखा फोडायचा. हक्क, सोड, पत्र. आपला हक्क सोडला असं लिहून देणारा कागद. तिन्ही दाणे ओळखीचे निघाले!

'मोबदला' असा फुटत नाही. पण तो गोष्टीत दोनदा येतो. एकदा कागदात, 'कोणताही मोबदला न घेता'. तिथं डोक्यावरून जातो. आधी मात्र शेजारीण म्हणते, "दिवसभर राबलीस, मोबदला काय मिळाला?" झालं, अर्थ कळला. आता पुन्हा कागदातलं वाक्य वाचा. बहिणीनं काहीही न घेता वाटा सोडलाय.

'दस्त' विचारायला मात्र जाणतं माणूस लागतं. हा फारसी शब्द, मूळ अर्थ हात. 'हक्क', 'वारस' हे अरबी. जुन्या राजवटींच्या दफ्तरातून ते आपल्याकडे आले आणि कागदोपत्री रुळले, म्हणून कागदात ते वाचताना आपण बिचकतो. दस्त म्हणजे इथं कायद्याचा लेखी कागद.

आता आम्हाला सलणारी गोष्ट. एकाही गटानं 'हरकत' या शब्दाखाली रेघ मारली नाही. कारकून विचारतो, "तुमची काही हरकत नाही ना?" बहीण म्हणते, "भावाच्या कामाला कसली हरकत!" आपणही दिवसातून दहादा 'हरकत नाही' म्हणतो, चहा उशिरा आला तरी. पण कचेरीत हरकत म्हणजे विरोध, आक्षेप. तो नोंदवायचा तुम्हाला अधिकार असतो. अनोळखी शब्दापाशी आपण निदान थांबतो तरी. ओळखीचा शब्द दुसरा अर्थ घेऊन आला की सरळ पुढे जातो. ती बहीण तिथंच फसली.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. वाटा सोडायचा की ठेवायचा, ते तिनं ठरवावं. पण नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही, म्हणून आधी वाचायचं. नाही कळलं तर 'घरी नेऊन वाचते' म्हणायचं. भाऊ रुसला तर रुसू दे, पुढच्या भाऊबीजेपर्यंत येईल बोलायला.

अडलेला शब्द वहीत लिहा आणि त्यापुढे आपल्या घरातलं एक वाक्य लिहा. नुसता अर्थ लिहिला तर आठवड्यात विसरतो, आमचंही तसंच होतं.

एका गटानं 'कूळ' विचारलाय. गोष्टीतला म्हातारा "आम्ही या जमिनीचे कूळ होतो" म्हणतो, तेव्हा तो घराण्याबद्दल बोलत नाही. गटातल्या थोरल्या बायकांना विचारून ठेवा. पुढच्या बुधवारी तिथूनच सुरुवात करू.