घटपर्णी विकायचीय? आधी एक उन्हाळा ती स्वतःच्या घरात जगवा



किडे खाणारं झाड दिसलं की गिऱ्हाईक थांबतंच. पानाच्या टोकाला लोंबणारं ते झाकणाचं सुगड बघून लहान मुलं तर आईबाबांचा हात धरून दुकानात ओढून आणतात. म्हणूनच घरातली झाडं विकणारे बरेच नवे लोक मला विचारतात, "पिचर प्लांट ठेवू का दुकानात?"

जरूर ठेवा. पण आधी वही-पेन घ्या.

समजा, तुम्ही २० झाडं आणली. झाड, कुंडी, खोका, वाहतूक धरून एक झाड ३५० रुपयांना पडलं. गुंतवणूक झाली ७,०००. विक्री ६०० रुपयांनी. सगळी विकली तर हातात १२,०००, म्हणजे ५,००० नफा. छान वाटतं ना? आता त्यातली ६ झाडं दुकानातच गेली आणि २ गिऱ्हाइकांना बदलून द्यावी लागली असं धरा. पैसे आले १२ झाडांचे, ७,२००. नफा उरला २०० रुपये! दुकानाचं भाडं आणि लाईटबिल तर अजून धरलेलंच नाही.

म्हणजे या धंद्यात नफा विक्रीच्या किमतीत नाही, झाड जगण्यात आहे. आणि झाड जगवायचं तर ते मुळात कुठलं, हे माहीत पाहिजे.

झाडाचा स्वभाव समजून घ्या

मराठीत हिला घटपर्णी म्हणतात, शास्त्रीय नाव नेपेंथिस. हिच्या सगळ्यात जास्त जाती फिलिपिन्स, बोर्निओ, सुमात्रा या भागात आहेत. तिथल्या ज्या जमिनीत ती वाढते तिथे नत्र फार कमी असतं. म्हणून ती किड्यांतून पोषण घेते. मुळांना खताची सवयच नाही. आपण प्रेमानं शेणखत घालतो आणि तिथेच झाड बसतं.

पाणी : बोअरचं आणि बहुतेक ठिकाणचं नळाचं पाणी हिला चालत नाही, कारण त्यातले क्षार कुंडीत साठत जातात. पावसाचं पाणी उत्तम. आरओचं चालेल, पण घरगुती मशीनमध्ये पाण्यात परत क्षार मिसळायची सोय असते, म्हणून टीडीएस मीटरनं मोजून बघा. आकडा ५० च्या आत असला तर छान, १०० च्या वर नको. कुंडी ओलसर ठेवा, पण खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

माती : साधी माती नाही, गांडूळखत नाही. स्फॅग्नम मॉस आणि परलाईट यांचं मिश्रण घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर भिजवून, दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं.

उजेड : पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड. दुपारच्या उन्हात पानं भाजतात. अंधाऱ्या कोपऱ्यात पानं येत राहतात, पण सुगडं येत नाहीत.

हवा : दमट हवा लागते. मुंबई-कोकणात हे सोपं आहे. विदर्भ-मराठवाड्यात आणि पुण्यातसुद्धा एप्रिल-मे कोरडे जातात, तेव्हा नवी सुगडं धरणं थांबतं. एसीच्या हवेतही तेच.

खाणं : मुंग्या, बारीक किडे ती स्वतः पकडते. चिकनचे तुकडे घालू नका, आतच कुजतात. सुगडातलं पाणी ओतून टाकू नका, पचनाचं काम तेच करतं.

दोन गोष्टी सांगून विका

पहिली, हे डास घालवणारं झाड नाही. एखादा डास पडेलही, पण घरातले डास यानं कमी होत नाहीत. दुसरी, झाकण मिटत नाही. काठ निसरडा असतो, किडा घसरून आत पडतो, बस्स. "मिटून दाखव" म्हणून बोट घालणारी मुलं हमखास येतात, त्यांना आधीच सांगा. खोटं सांगून एक झाड जाईल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

जुनी सुगडं वाळून तपकिरी होतात, हेही सांगा. नाहीतर महिन्याभरात फोन येतो, "झाड मेलं." वाळलेलं सुगड कापायचं, झाड ठणठणीत असतं.

माल कुठून घ्यायचा?

भारतात जंगलात वाढणारी घटपर्णीची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना. ती मुख्यतः मेघालयातल्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांत मिळते. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती धोक्यात आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. कुणी "जंगलातला ओरिजिनल माल" म्हणून स्वस्तात देऊ केला तर हात जोडा. आपल्या कास पठारावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवे हीसुद्धा कीटकभक्षीच, ती बघायला जायचं, उपटायला नाही.

सुरुवातीला 'व्हेंट्राटा' घ्या. फिलिपिन्समधल्या दोन जातींचा हा संकर आहे, नर्सरीत तयार होतो आणि बराच सोसतो. लेबल आणि पक्कं बिल मागून घ्या. थंड डोंगराळ भागातल्या जाती फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांना रात्री गारवा लागतो. आपल्या उन्हाळ्यात त्या टिकत नाहीत.

तुमचा गृहपाठ

या पावसाळ्यात फक्त दोन झाडं आणा. पावसाचं पाणी ड्रममध्ये झाकून साठवा. काय केलं, काय झालं, दर रविवारी वहीत लिहा आणि फोटो काढा. वेल वाढला की खोडाचं एक कलम मॉसमध्ये लावून बघा. व्हेंट्राटा कलमानं होते, म्हणजे पुढचा काही माल घरचाच.

पुढचा मे महिना दोन्ही झाडांनी काढला की २० झाडांची ऑर्डर द्या. वहीतल्या नोंदींमधून एक पानी मराठी कार्ड बनवा आणि प्रत्येक कुंडीसोबत द्या. विक्रीनंतर पंधराव्या दिवशी गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर झाडाचा फोटो मागवा. पान पिवळं दिसलं तर तेव्हाच सांगता येतं.

झाड तर ऑनलाईनही मिळतं. पंधराव्या दिवशी झाडाची चौकशी करणारा दुकानदार मिळत नाही. तुमचे ६०० रुपये त्याचे आहेत.